नाडी आधी

स्फिग्मोमॅनोमीटर. झोपेतून उठवून विचारा, न अडखळता सांगेन. बीपी मोजायचं साधं यंत्र, पण नर्सिंगच्या वर्गात आमच्या बाईंनी या नावापायी मला तासभर उभं केलं होतं. "संघप्रिया, पोपटपंची नको, अर्थ सांग." मग त्यांनीच सांगितला. ग्रीक शब्द. स्फिग्मो म्हणजे नाडी, मॅनो म्हणजे विरळ, मीटर म्हणजे माप. हवेसारख्या विरळ वस्तूचा दाब मोजतं ते मॅनोमीटर, पुढं नाडी जोडली की आपलं यंत्र. "नावातसुद्धा नाडी आधी आहे. बोटं आधी नाडीवर ठेवायची." मनात म्हटलं, काय कटकट आहे या बाईची!

अठ्ठ्याण्णव साली मी राजारामपुरीत एका दवाखान्यात होते. एका सकाळी तानाबाई नावाची एक बाई आपल्या पोराला ओढतच घेऊन आली. पोरगं कसलं, दारात मावेना! अमरसिंह, वय बावीस, तालमीत वाढलेला पैलवान. पोलीस भरतीत धावण्यात पास, गोळाफेकीत पास आणि डॉक्टरी तपासणीत बीपी जास्त म्हणून अडकलेला. सोमवारी फेरतपासणी होती. तिथंही जास्त निघालं की यादीतनं नाव कट.

"धा दिस झालं, ताटातलं मीठ बंद केलंया," तानाबाई म्हणाली. "त्येच मीठ मोहऱ्या घालून त्येच्यावरनं ओवाळून चुलीत टाकतीया. दिष्ट लागलीया पोराला, दुसरं काय न्हाय."

"आणि तालीम?"

"बंद," अमरसिंह खाली मान घालून म्हणाला. "वस्ताद बोलत न्हाईत माझ्यासंगं."

मी पट्टी गुंडाळली, डॉक्टरांनी बीपी घेतलं. एकशे साठ, शंभर. परत घेतलं, तेच. "गोळी सुरू करू या," म्हणत त्यांनी पेन उघडलं आणि एवढा धिप्पाड गडी मुसमुसून रडायला लागला.

पट्टी सोडायला गेले आणि माझी मलाच लाज वाटली. तिचं टोक त्याच्या दंडावर जेमतेम चिकटलं होतं. आतली रबरी पिशवी अर्ध्या दंडालाही पुरत नव्हती. दंड होता की केळीचा खांब! एवढ्या दंडाला आखूड पट्टी लावली की पारा उगाच वर चढतो. हे मला शिकवलेलं होतं आणि रोज पट्ट्या गुंडाळून गुंडाळून मी ते विसरले होते.

"डॉक्टर, थांबा जरा. पट्टी लहान पडतेय."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. बाहेर पेशंट खोळंबलेले. पण मी एकदा बोलले की मागं सरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पट्टी मी कोपराच्या खाली गुंडाळली, तिथं ती नीट पुरली. हात छातीच्या पातळीला धरला, बोटं मनगटाच्या नाडीवर ठेवली. फुगा दाबत गेले तशी नाडी बंद झाली. मग हवा हळूहळू सोडली. एकशे साठला ठोका नाही. एकशे चाळीसला नाही. एकशे सव्वीसला बोटाखाली टक् झालं.

"एकशे सव्वीस!" मी ओरडलेच.

डॉक्टरांनी स्वतः दोनदा बघितलं. मग ओळखीच्या दवाखान्यातनं मोठी पट्टी मागवून दंडाला लावली. एकशे चोवीस, अठ्ठ्याहत्तर. "चुकलंच माझं," म्हणाले आणि चिठ्ठी लिहून दिली, दंडाच्या मापाची पट्टी वापरावी.

"आन चिठ्ठी कुणी वाचलीच न्हाय तर?" तानाबाईनं विचारलं.

"तर हा बोलेल. काय पैलवान, तोंड हाय का नुसता दंडच?" त्याला बाकावर बसवून यंत्राचं नाव अर्थासकट पाठ करून घेतलं. घाम फुटला बिचाऱ्याला.

"सिस्टर, ह्यापरीस कुस्ती सोपी की!"

मंगळवारी दोघं आली. "चिठ्ठी बाजूला ठेवली सायबांनी," अमरसिंह धापा टाकत सांगायला लागला. "मग मी सगळं नाव घेतलं, अर्थबी सांगितला आन म्हटलं, सायेब, माझ्या मापाची पट्टी लावा. हसलं, पर लावली. पास झालो, सिस्टर!"

तानाबाईनं पदरातनं मीठ-मोहऱ्यांची पुडी काढली. मला वाटलं, पोरावरनं ओवाळणार. ती थेट टेबलापाशी गेली आणि यंत्रावरनं ओवाळायला लागली. "माझ्या पोराचं खरं सांगितलं ह्येनं. ह्येला कुणाची दिष्ट नगं."

असलं आमच्या घरात कुणी मानत नाही. एरवी मी फाडकन बोलले असते. त्या दिवशी मात्र तिचं ओवाळून होईपर्यंत मीच यंत्र नीट धरून ठेवलं.

"मावशी," मी म्हटलं, "हे चुलीत टाका. पण आज पोराच्या ताटात मीठ वाढा."