पन्हळ बुजवलेलं चर्च

मित्रांनो, कवठे महांकाळच्या माळावर पंचावन्न वर्षांपूर्वी मला बांधलं, तेव्हा लोक हसले होते. मी चर्चची इमारत, पण मला ना मनोरा, ना कमानी. नुसत्या दगडी भिंती आणि वर सिमेंटचं छत, दोन्ही कडांकडून मधल्या घळीत उतरणारं, उघडून ठेवलेल्या पवित्र शास्त्रासारखं. "ह्ये चर्च हाय का गोडाऊन?" असं विचारणारे कमी नव्हते.

पण माझं छत बिनकामाचं नव्हतं. त्या कोरड्या मुलखात पडेल तो थेंब घळीतून समोरच्या पन्हळीला यायचा आणि खालच्या हौदात पडायचा. मंडळी तिथं घागरी भरायची, मेंढरं पाणी प्यायची. मला त्याचा अभिमान होता.

पुढं घरोघर नळ आले आणि चर्चच्या मंडळीला हौस सुचली. हायवेवरून चर्च ओळखू यावं म्हणून माझ्या तोंडासमोर मनोरा उभा केला. पन्हळ त्याच्या विटांत गाडली गेली. "आपल्याकडं पाऊस कुठं पडतोय!" म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीआधी मात्र पाऊस आठवडाभर हटला नाही. भक्तीच्या वेळी गायनाच्या पुस्तकांवर पाणी ठिबकू लागलं. छत कुजलंय, असं कुणीसं सांगितलं आणि मला पाडायचं ठरलं.

बातमी ऐकून अंबूबाई आली. ती मंडळीतली नव्हे, शेजारच्या वाडीतल्या मेंढपाळाघरची. माझा स्लॅब ओतला तेव्हा अठरा वर्षांच्या अंबूनं दिवसभर घमेली वाहिली होती. तिनं वर पाहिलं, बाहेर जाऊन पाहिलं आणि चर्चचे पाळक जयराज यांना गाठलं.

"आवं पाळकसाहेब, पन्हळ कुठं गेली?"

"मनोऱ्यामागं बुजली, मावशी. पाऊस तरी किती पडतो इथं?"

"कमी पडतुया, पर पडतुया न्हवं? का त्यो तुमास्नी इचारून वाट बदलंल? येकडाव फोडून तर बगा, मग पाडा!"

दुसऱ्या दिवशी विटा फोडल्या. घळीत तुंबलेलं पाणी धो धो करत हौदात पडलं. "बगा, मी म्हनलं न्हवतं?" म्हणून अंबूबाई पदर तोंडाला लावून पोटभर हसली.

महिन्याभरात मी सुकले. इंजिनिअरनं ठोकून पाहिलं, छत खणखणीत निघालं. पाडायचं रद्द झालं. मनोऱ्याच्या पोटातून बाहेर आलेली पन्हळ जरा विचित्र दिसते. दिसू दे.

मित्रांनो, जुन्या इमारतीला जरूर नटवा. पण आधी तिचं पाणी कुठून जातं तेवढं विचारून घ्या. सांगायला दर वेळी अंबूबाई असेलच असं नाही.