नथूच्या नावापुढचा आकडा

मित्रांनो, दवाखान्यातल्या टेबलावर तुम्ही मला कधीतरी पाहिले असेल. राखाडी पत्र्याची पेटी, आत काचेची उभी नळी, नळीत पारा आणि दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा. मी रक्तदाब मोजणारे जुने यंत्र आहे. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण ती सांगायलाच हवी.

माझी पहिली वीस वर्षे वसई गावात एका डॉक्टरांकडे गेली. मोठ्या मानाची वर्षे होती ती. बँकेतले, शाळेतले, कचेरीतले लोक माझ्यासमोर बसत. पारा चढलेला दिसला की डॉक्टर गोळ्या लिहून देत आणि आठ दिवस आराम करायला सांगत. माणसे रजा टाकत. पुढच्या खेपेस पारा खाली आलेला असे. खरा आकडा दाखवला की माणूस बरा होतो, अशी माझी भाबडी समजूत झाली.

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा मी त्यांच्या नर्सकडे आले. फ्लॉसी सिस्टर भुईगावच्या. वसई पूर्वेला प्लास्टिकच्या बादल्या बनवणारा एक कारखाना होता. तिथे वर्षातून एकदा कामगारांची तपासणी करायला त्या मला घेऊन जात. कारखान्याचा नियम होता : आकडा एकशे साठच्या पुढे गेला, तर डॉक्टरांचा दाखला आणेपर्यंत मशीनवर उभे राहायचे नाही. नियम सर्वांना सारखाच. पण कायम नोकरीतल्यांना घरी बसल्या दिवसांचा पगार मिळे, कंत्राटी कामगारांना काहीच मिळत नसे.

नथू कंत्राटी होता. खाडीकाठच्या गावातला, पन्नाशीचा, जाड दंडाचा. गरम प्लास्टिक उडून त्या दंडावर भाजल्याचा लांब डाग पडला होता. पट्टा कसाबसा पुरला. मी एकशे ऐंशी दाखवले.

"सिस्टर, आताच जिना चढून आलोय," तो म्हणाला. "जरा पानी पितो, मग परत बघा."

तो पाणी प्याला, दहा मिनिटे डोळे मिटून बसला. मी एकशे अठ्ठ्याहत्तर दाखवले. सुपरवायझर संग्रामने त्याचे नाव यादीत लिहिले. मी खरे सांगितले म्हणून मला तेव्हा अभिमान वाटला होता.

दाखला मिळेपर्यंत नथू अकरा दिवस घरी बसला. पुढे रोज गोळी घ्यायची होती. सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळे, पण केंद्र सकाळी नऊला उघडून एकला बंद होई आणि नथूची पाळी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. गोळ्या आणायच्या तर एक दिवसाची मजुरी बुडायची. मग तो डोके जड वाटेल त्याच दिवशी गोळी घेऊ लागला. हे सगळे मला फार उशिरा कळले.

पुढच्या वर्षी तपासणीत नथूचे नाव पुकारले आणि त्याच्या जागी त्याचा पुतण्या अल्पेश येऊन बसला. तिशीतला, सडपातळ. सिस्टरांनी पट्टा गुंडाळला. दंडावर डाग नव्हता. त्यांनी अल्पेशकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. दारात संग्राम यादी घेऊन, बाहेरच्या रांगेकडे तोंड करून उभा होता. सिस्टरांनी नथूच्या नावापुढे एकशे अठरा लिहिले.

मित्रांनो, आकडा खरा होता, माणूस खोटा होता. आणि मला बरे वाटले. यंदा तरी नथूची मजुरी बुडणार नाही, असे वाटून मी गप्प पेटीत मिटून गेले.

अडीच महिन्यांनी नथू मशीनजवळ कोसळला. त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

सिस्टर मला घेऊन त्याच्या घरी गेल्या. त्याची मुलगी खुशी कॉलेज सोडून त्याच्यापाशी बसलेली होती. सिस्टरांनी तिला सगळे सांगितले.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" खुशीने विचारले.

"हो. हात बघूनच कळलं होतं."

"मग घरी येऊन एकदा सांगायचं तरी. संध्याकाळी आम्ही सगळे घरीच असतो."

 

त्यानंतर सिस्टरांनी मालकाला कळवले की, आकडा फक्त त्या कामगारालाच सांगेन, यादी देणार नाही; दाब जास्त निघाला तर त्याला हलके काम द्या, मजुरी कापू नका. मालकाने त्यांना यायला मनाई केली. इकडे खुशी घरोघर सह्या घेत फिरली. पहिली सही अल्पेशने केली. कितीतरी अर्ज गेल्यावर आरोग्य केंद्र आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडू लागले आणि महिनाभराच्या गोळ्या एकदम मिळू लागल्या. कारखान्यात मात्र कायम कामगारांनीही तपासणीला बसायला नकार दिला, तेव्हाच मालक नमला आणि त्याने सिस्टरांच्या अटी मानल्या.

त्या संध्याकाळी सिस्टर मला घेऊन केंद्रात मदतीला जात. एकदा खुशीने नथूला रिक्षातून तिथे आणले. तो माझ्यासमोर बसला. आपल्या डाव्या हाताने त्याने निर्जीव उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला. सिस्टरांनी तो हळूच त्याच्या मांडीवर ठेवला आणि डाव्या दंडाला पट्टा बांधला. एकशे बत्तीस. खुशी हसली. मला नथूकडे बघवेना.

मित्रांनो, मला झाडूनपुसून जपा, असे मी मागत नाही. तुमच्या आसपास राबणाऱ्या कोणाला बरे नसेल, तर "दवाखान्यात जा" एवढे सांगून थांबू नका. दवाखाना कधी उघडा असतो आणि त्या दिवसाच्या मजुरीचे काय होईल, तेही त्याला विचारा. आम्ही विचारले नव्हते.