जयवंताकाकूंच्या पोवळ्याची फेरनिविदा

कोऱ्हाळे बुद्रुकच्या दत्तोबांच्या घरात तीन कोटेशनशिवाय काही येत नाही. पाणीपुरवठा संस्थेत संचालक म्हणून इतकी वर्षं काढली की सहकार माणसाच्या अंगात मुरतो. मिक्सर घ्यायचा, तीन कोटेशन. गव्हाण बांधायची, तीन कोटेशन. मुलासाठी, रविराजसाठी, मुली बघताना दुसऱ्या नंबरचंच स्थळ सगळ्यांना पसंत पडलं होतं. पण तिसरं आल्याशिवाय दत्तोबांनी होकार दिला नाही, आणि तेवढ्यात त्या मुलीकडच्यांनी दुसरीकडे साखरपुडा उरकून घेतला.

मग रविराज तसाच, बिनलग्नाचा, पुण्याला नोकरीला गेला. जाताना हॉलमधली काचेची टाकी आईच्या, म्हणजे जयवंताकाकूंच्या, गळ्यात मारून गेला. टाकीत खारं पाणी, दोन नारिंगी मासे आणि एक पोवळं. पोवळं म्हणजे अंगठीतला खडा नव्हे, जितंजागतं. काकूंच्या हाती आलं तेव्हा नखाएवढं होतं. आता तळहात भरून उरतं आणि शेवंतीच्या गोंड्यासारखं पाण्यात डुलतं. दुपारी जेवणं झाली की काकू त्याच्यासमोर पाट टाकून बसतात. मी शेजारीच राहतो म्हणून सांगतो, त्या वेळी दार वाजवलं तर उघडत नाहीत.

दत्तोबांना हे खूळ वाटायचं. "लोक खारवट रानातलं मीठ निघावं म्हणून चर खणत्यात," ते म्हणायचे, "आन् आमच्या घरात मीठ पिशवीनं इकत येतंय!"

एके दिवशी वीज गेली आणि परत आली ती अशा जोरात, की टाकीवरचा दिवा कायमचा गेला. इथे खरी अडचण सुरू झाली. पोवळं उजेडावर जगतं; अंधारात ठेवलं तर आक्रसत आक्रसत मरतं. काकू म्हणाल्या, "अवो, आजच दिवा आणा."

"आणू की. तीन कोटेशन येऊ दे."

कोटेशनं आली, तीही बंद पाकिटात. एक बारामतीच्या मासेवाल्या दुकानाचं, साध्या नळीचं, म्हणजे ट्यूबलाइटचं. दुसरं वालचंदनगरच्या वैदेहीनं लिहून पाठवलेलं. ही रविराजची कॉलेजातली मैत्रीण, नखाएवढं ते पोवळं मुळात तिनेच दिलेलं. तिने पोवळ्यासाठीच बनवलेला एलईडी दिवा सुचवला होता, पण किंमत इतरांच्या तिप्पट. तिसरं दत्तोबांचा पुतण्या झुंबर याचं. त्याचं फाट्यावर इलेक्ट्रिकचं दुकान आहे. शंभर वॅटचा फोकस, लग्नाच्या मांडवात लावतात तसला, बसवणी फुकट.

"रक्कम सगळ्यात कमी, वॅट सगळ्यात जास्त," दत्तोबा म्हणाले. "मंजूर."

"काकू, आसा उजेड पाडतो," झुंबर शिडीवरून म्हणाला, "की माशांनी गॉगल मागितला पायजे!"

मागितलाही असता. फोकस लागला आणि हॉलचं बैलगाडा शर्यतीचं मैदान झालं. गल्लीतली पोरं उजेड बघायला आली. दत्तोबांनी तेवढ्यात पेपरातली बारीक अक्षरातली नोटीस चष्म्याशिवाय वाचून दाखवली आणि ती वाचूनच सौदा फायद्याचा असल्याचं जाहीर केलं.

आठवडा उलटला नाही तोच काचेवर हिरवं शेवाळ धरलं. टाकीची विहीर झाली. गोंडे मिटले, आणि पोवळ्याचा रंग धुऊन टाकल्यासारखा फिकट पडू लागला.

"कमी पडत आसंल," दत्तोबांनी निदान केलं. "झुंबरला सांगून आजून एक फोकस लावू."

काकू उठल्या. फोकसवर भाकरी बांधायचा धडपा अंथरला, कमरेला पिशवी खोचली आणि सकाळच्या एसटीने बारामतीमार्गे वालचंदनगर गाठलं.

कंपनीच्या क्वार्टरमध्ये वैदेहीच्या घरी चांगली मोठी टाकी होती. वर पातळसा दिवा, आणि खाली सगळं निळसर, आषाढात ढग दाटल्यावर पडतो तसा उजेड.

"एवढ्याशा उजेडात जगतंय?" काकूंनी विचारलं.

"काकू, समुद्रात खोल जाऊ तसा लाल-पिवळा उजेड वरच अडतो, खाली निळा पोचतो. पोवळ्याला तोच लागतो. तुमच्या फोकसचा पांढरा उजेड शेवाळालाच जास्त मानवला. आणि मुख्य म्हणजे, इतका प्रखर उजेड एकदम दिलात ना, त्याने ते भाजलं."

"म्हंजी शेडनेटमधलं रोप एकदम उन्हात काढल्यावानी."

"अगदी तसंच! म्हणून दिवा असा हवा, की निळा आणि पांढरा वेगवेगळा कमीजास्त करता येईल. सुरुवात मंद, मग दर आठवड्याला थोडा थोडा वाढवायचा. अजून जगेल ते, पण आता उशीर नको."

"पटलं गं पोरी. पर आमच्यात कमी रकमेशिवाय मंजूर होत न्हाय."

परतीच्या एसटीत काकू खिडकीशी बसल्या आणि विचार करत राहिल्या. घरी संचालकांच्या बैठका व्हायच्या तेव्हा चहा त्याच द्यायच्या. चहा देणारी बाई ऐकत नसते, असा संचालकांचा समज असतो. मोटारी कशा घेतल्या, पाइप कसे घेतले, सगळं काकूंच्या कानावरून गेलेलं. पाकीट कुणाचं उघडणार हे पाकिटावर ठरत नाही. ते अटींवर ठरतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दत्तोबांसमोर कागद ठेवला. "पैल्या खरेदीचा माल नापास झालाय. फेरनिविदा काढा. अटी मी लिवल्यात."

दत्तोबांना शब्द ऐकूनच बरं वाटलं. फेरनिविदा! घरात पहिल्यांदाच.

पुन्हा पाकिटं आली. झुंबर हौसेने हजर. काकू अटी वाचू लागल्या, "निळा आन् पांढरा उजेड निराळा करता आला पायजे."

"माझा फोकस पांढराच हाय," झुंबर म्हणाला. "निळा कागद चिकटवू का?"

"अपात्र. फुडं. उजेड कमीजास्त करायचं बटण पायजे. खाऱ्या वाफंनं गंजता कामा न्हाय. पोवळ्याच्या टाकीवर चालल्याचा दाखला पायजे."

बारामतीची नळी बटणावर अडली. वैदेहीचं पाकीट तेवढं उरलं. दाखला म्हणून तिने स्वतःच्या टाकीचा फोटो जोडला होता.

दत्तोबांनी कागद हातात घेतला. एकदा वाचला. पुन्हा वाचला. मग सावकाश मान वर केली. "ह्या अटीत एकच मानूस बसतोय."

"व्हय का?"

"एकच पात्र आसंल तर नेमानं परत काढावी लागती."

"तातडीची बाब म्हणून मंजूर करता येती," काकू म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यात मोटार जळाली तवा तुमीच केली. हितंच. दुसरा चहा चालला हुता."

झुंबर फिस्सकन हसला. दत्तोबांनी त्याच्याकडे डोळे वटारले, पण मिशीतलं हसू दाबून ठेवणं त्यांनाही जमेना. "मंजूर," ते म्हणाले, आणि खिशातून पेन काढून सवयीने खाली सहीही केली.

दिवा आला. काकूंनी तो अगदी मंद लावला आणि दर सोमवारी थोडा वाढवत नेला. शेवाळ घासून काढलं. बरेच दिवस पोवळं मिटलेलंच होतं. काकूंचं जेवणावर लक्ष नव्हतं, आणि दत्तोबाही येताजाता टाकीत डोकावून जात. खूळ म्हणणं त्यांनी बंद केलं होतं.

मग एका दुपारी मी कालव्याच्या पाण्याच्या पाळीची चौकशी करायला गेलो आणि सवय विसरून दार वाजवलं. दार दत्तोबांनी किलकिलं उघडलं.

"हळू बोल. उमललंय."

आत निळ्या उजेडात गोंडे डुलत होते. समोर दोन पाट होते. एकावर काकू, दुसरा रिकामा, नुकताच कुणीतरी उठलेला.

फोकस आता गोठ्यात आहे. म्हशीची तक्रार नाही. संस्थेला नवी मोटार घ्यायची आहे, तेव्हा परवा दत्तोबांनी चहा पिता पिता विषय काढला, "जरा अटी लिवून देतीस का?"

"देती की," काकू टाकीवरची नजर न काढता म्हणाल्या. "पर आदी तुमी अटी लिवायचं तीन जणींकडनं कोटेशन आणा."