चीर गेलेली शेवटची टाइल

मी एक जुनी, कपाळाला चीर गेलेली टाइल आहे, मित्रांनो, आणि या केदारला काही रीतभात नाही. बत्तीस वर्षांचा घोडा झाला, पण विचारणं म्हणून माहीत नाही. आई देवळात गेली आणि याने हातोडी-छिन्नी काढली. दुपारपर्यंत माझ्या अकरा बहिणी तुकडे होऊन बादलीत पडल्या. मी एकटी उरले. फार थकले आता.

मी तांबड्या मातीची, भट्टीत भाजून निघालेली. त्या कोपऱ्यात खोक्यात बसलेल्या पांढऱ्या गुळगुळीत पोरींसारखी नाही. माझ्या पाठीवर कारखान्याचं नाव कोरलंय म्हणे. मला अक्षर येत नाही, आणि पाठ कायम जमिनीला, त्यामुळे अडलंही नाही. अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या या घरात मला फायरप्लेसच्या तोंडाशी बसवलं. वीस हिवाळे धग सोसली, पण हूं की चूं केलं नाही.

मग केदारच्या आईबाबांनी, अतुल-पद्मिनीने, हे घर घेतलं. गृहप्रवेशाला दूध उतू घालवायचं होतं. स्वयंपाकघरात विजेची शेगडी. पद्मिनी म्हणाली, "अग्नी डोळ्यांना दिसायला हवा." म्हणून फायरप्लेसमध्ये लाकडं रचली, वर पातेलं ठेवलं. धुराड्याची झडप आधी उघडायची असते, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. घरभर धूर झाला, भोंगा कोकलू लागला, आगीचा बंब दारात आला. अतुलने घाबरून कळशीभर गार पाणी ओतलं, त्यातलं निम्मं माझ्या तापलेल्या अंगावर पडलं. तेव्हाची ही चीर. पद्मिनीने आधी बंबवाल्यांना पेढे दिले, मग माझ्या चिरेवर हळदकुंकू वाहिलं.

पुढे दर दिवाळीला पहिली पणती माझ्यावर. पाहुण्यांना ती गोष्ट सांगितली जायची, सगळे हसायचे. तेवढंच माझं कौतुक. मग अतुल गेला. लाकूड पेटेनासं झालं. माझ्यावर कुरियरची खोकी साचली.

आज केदारने माझ्या कडेला छिन्नी लावली, तेवढ्यात पद्मिनी दारात.

"हे काय?"

"सरप्राइज, आई. नवीन व्हाइट टाइल्स. संध्याकाळपर्यंत डन."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नो म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. म्हणूनच विचारायचं असतं."

"ही तर क्रॅक्ड आहे, आई. लास्ट वन. काढून टाकतो."

पद्मिनी दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसली. चिरेवरून बोट फिरवलं. "ही चीर तुझ्या बाबांच्या हातची."

ती गोष्ट केदारने शंभरदा ऐकली होती. टाइल कुठली, ते कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

त्याने हातोडी ठेवली. माझ्या कडेचा चुना चाकूने हळूहळू खरवडला आणि पांढऱ्या टाइल माझ्याभोवती कापून बसवल्या. अंधार पडला तरी उठला नाही. पोराचा हात चांगला आहे, हे मलाही कबूल करावं लागलं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला हात लावण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला विचारा. मीच त्याला हे सुनावणार होते, पण टाइलचं कोण ऐकतं? पद्मिनीने बादलीतल्या तुकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली,

"छान बसवल्यास, केदार. पण त्या अकरा टाइलचीही एकेक गोष्ट होती. ती तुला सांगायची राहिली होती, आणि आता मी सांगणार नाही."