शिखरवाल्या बाई

"तू बाहेरच बस जरा. मी आधी एकटीच बघते," असं म्हणून बाईंनी प्रयोगशाळेचं दार आतून लावलं.

बाहेर बसलेली मुलगी दुसऱ्या गावच्या विद्यापीठातून आली होती. पीएचडीसाठी तिने बाईंचाच गाजलेला प्रयोग पुन्हा करायला घेतला होता. सेमीकंडक्टरच्या चिपवर केसाहून कितीतरी बारीक वाट कोरायची, ती अतिथंड करायची आणि तिच्यातून एकेक इलेक्ट्रॉन सोडून वीज मोजायची. बाईंच्या आलेखात मधोमध एक उंच शिखर आलं होतं. हिच्या आलेखात ते काही केल्या येईना. वर्षानुवर्षं येईना. "तुझ्या हातातच दोष आहे," असं तिच्या सरांनी सांगून टाकलं होतं आणि या महिन्याअखेर तिचं नाव कमी होणार होतं. जाण्यापूर्वी मूळची चिप एकदा डोळ्यांनी बघू द्या, एवढंच मागायला ती आली होती.

त्या शिखरावरच तर बाईंचं सगळं उभं होतं. जगभरातल्या हजारो शोधनिबंधांनी त्यांच्या निबंधाचा दाखला दिला होता. आडनाव विसरणारेसुद्धा त्यांना शिखरवाल्या बाई म्हणून ओळखत. नवरा रोज सकाळी घरातल्या आजाऱ्याचा ताप विचारावा तसा "आज कितीवर गेला आकडा?" असं विचारायचा. बाई लटक्या रागाने "पुरे हं तुमचं" म्हणायच्या आणि दाखल्यांचा आकडा सांगायच्याच.

त्यांनी डबीतली चिप, ती जिच्यावर चिकटवली होती त्या तारांच्या बैठकीसकट, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. चिपवर दोन वाटा शेजारीशेजारी होत्या, एक अरुंद, एक रुंद. एरवी दोघी जुळ्या बहिणी. कुठली कुठली हे कळावं म्हणून चिपच्या एका कोपऱ्यात बाणाची खूण असते. ती वर डावीकडे यायला हवी होती. ती खाली उजवीकडे होती.

बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. बाण जागचा हलला नाही.

चिप बैठकीवर चिकटवतानाच अर्धी फिरली होती. थोडी वाकडी बसली असती, तर तेव्हाच लक्षात आलं असतं. पण बरोबर अर्धी फिरली की सगळं चोख बसतं, फक्त अरुंद वाटेसाठीच्या तारा रुंद वाटेला जाऊन मिळतात. शिखर खरं होतं, पण ते रुंद वाटेचं होतं. निबंधात मात्र अरुंद वाटेचं म्हणून छापलं होतं आणि लोकांनी त्यावर मजल्यावर मजले चढवले होते. चिप चिकटवली कोणी होती? बाईंनीच. त्या काळी त्या दुसऱ्या कोणाला हातसुद्धा लावू देत नसत.

दाखले देणारी ती हजारो माणसं एकदम मान वळवून आपल्याकडे बघताहेत, असं त्यांना वाटलं. उद्या सकाळी नवऱ्याला काय सांगायचं? आणि मग सुचलं, की कोणालाच काही सांगायला नको. चिप सापडली नाही म्हटलं की झालं. मुलगी मुकाट्याने निघून जाईल. बाईंनी चिप डबीत टाकून झाकण लावलंसुद्धा. मग त्यांना स्वतःचीच इतकी भीती वाटली, की त्यांनी झटकन झाकण काढून चिप परत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि जाऊन दार उघडलं.

"ये. तूच बघ."

मुलगी वाकली. बराच वेळ हलली नाही.

"काय दिसतंय?"

"काही नाही, मॅडम. बरोबर आहे सगळं."

ती खाली जमिनीकडे बघत होती. हिने बाण पाहिलाय, हे बाईंना लख्ख कळलं. पोर आपल्यापेक्षाही जास्त घाबरली होती. आता तर बाईंना खोटंही बोलायला नको होतं, नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. "बरं" अगदी ओठांवर आलं होतं.

"बाण कुठाय?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या ना मॅडम. सर म्हणतील, ही तिथं जाऊन नसतं काहीतरी उकरून आली. मी करीन दुसरं काही. शिकवीन कुठंतरी."

"बाण कुठाय ते विचारलं मी."

"खाली. उजवीकडे."

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे तुम्ही रुंद वाट मोजलीत. मी मोजली ती अरुंदच होती. तिला शिखर नसतंच." मग तिचा चेहरा एकदम रडवेला झाला. "मॅडम, मग माझे हात चांगले आहेत?"

"चांगले आहेत गं. फार चांगले आहेत."

बाईंनी तिच्या सरांना फोन लावला.

"बोला मॅडम! आमच्या पोरीने त्रास नाही ना दिला?"

"तिचं नाव कमी करू नका. तिचं बरोबर आहे. माझं चुकलंय."

सरांनीही आयुष्यभर त्याच शिखराचे दाखले दिले होते.

"मॅडम, हे कोणाजवळ बोललात का अजून?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"नाही. तुम्हीच पहिले. आता निबंध छापणाऱ्या संपादकांना कळवते."

"एक दिवस थांबा. जरा विचार करा."

"थांबले तर कळवायची नाही मी," बाई म्हणाल्या. "मला माहीत आहे मी कशी आहे."

मुलीने स्टूल त्यांच्या मागे सरकवलं. बाई बसल्या, सरांचा फोन ठेवून त्यांनी संपादकांना लावला, आणि चिप कशी चिकटवली होती ते सांगू लागल्या.