तळहातावरचं तेल

तीळ पिळता पिळता, वास दारात सांडला
माझ्या धन्याच्या घाण्यानं, घरी उजेड मांडला...

आईचा तो आवाज थांबून अकरा वर्षं झाली, तरी तेलघाण्याच्या बंद दारावरून जाताना लेकीला तो ऐकू यायचा. आई गेली ती छातीत कळ येऊन, उभ्या उभ्या. म्हणून दोन वर्षांपूर्वी बाबांच्याही छातीत कळ आली, तेव्हा लेकीच्या पायाखालची जमीनच सरकली. बाबा वाचले. घरी आणल्या आणल्या लेकीनं त्यांना बजावलं, "डॉक्टरांचा हुकूम आहे. आजपासून तेल बंद. थेंबसुद्धा नाही."

बाबांनी हुकूम पाळला. पण घाण्याची एक रीत होती, त्यांच्या आजोबांपासूनची. ताजं तेल आधी तळहाताच्या खळग्यात घ्यायचं, जिभेवर ठेवायचं, मगच गिऱ्हाइकाच्या बाटलीत ओतायचं. "न चाखता विकू? त्यापेक्षा पाणी विकीन," म्हणाले आणि दाराला कुलूप घातलं.

तेव्हापासून लेक उकडलेली भाजी वाढायची, बाबा मुकाट गिळायचे. बापाला तिनं डोळ्यांत तेल घालून जपलं, ताटात मात्र घातलं नाही. बाबा वाळत चालले. हातांची कातडी जुन्या कागदासारखी झाली. दुपारी पायरीवर बसून ते आपला कोरडा तळहात नाकाशी नेत आणि डोळे मिटून बसत. लेक खिडकीतून बघायची, आणि बघितलंच नाही असं करून आत वळायची.

शेवटी वजन फारच उतरलं, तशी ती त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली.

"आजोबा, दिवसाला तेल किती घेता?"

"थेंब नाही!" बाबा छाती काढून म्हणाले. "पथ्य म्हणजे पथ्य."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, हे कसलं पथ्य? तळकट टाळलंत, छान केलंत. पण गाजर, पालेभाजी नुसती उकडून खाल्ली तर त्यातली काही जीवनसत्त्वं अंगीच लागत नाहीत. त्यांना स्निग्ध काहीतरी सोबत लागतं. दिवसाला तीन-चार चमचे तेल तुम्हालाही हवंच. सगळं बंद करा असं सांगितलं तरी कोणी?"

"मोठ्या डॉक्टरांनी."

लेक पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. उघड, मीट. उघड, मीट.

घरी आल्यावर बाबा चपला काढेनात. भिंतीला टेकवलेली काठी त्यांनी उचलली.

"आता कुठे निघालात?"

"त्या डॉक्टरकडे. तेलही गेलं, तूपही गेलं, निदान धुपाटणं तरी दे म्हणतो!" बाबा हसले, पण हसू ओठांवरच वाळलं. "भांडणार नाही गं. एवढंच विचारीन, बाबा रे, दोन वर्षं माझा घाणा कशापायी मुका केलास? अगं, तुझी आई गेल्यावर तेवढाच एक बोलायला होता मला."

"त्यांना नका विचारू."

"का? मी काय घाबरतो?"

लेक दारात आडवी उभी राहिली. काठी धरलेल्या त्यांच्या खरखरीत हातावर तिनं आपला हात ठेवला.

"बाबा, डॉक्टर म्हणाले होते, तेल बेतानं घेऊ दे. बंद मी केलं. आईसारखे तुम्हीही उभ्या उभ्या गेला असतात, तर मला 'अगं' म्हणायला कुणीच उरलं नसतं."