फोटोतला खिचडीचा डबा

मी डबा बोलतोय. हो, तोच, फोटोतला. झाकण उघडं, आत साबुदाण्याची खिचडी, आणि शेजारी उपोषणाला बसलेला माणूस. रोडपालीतल्या कितीतरी मोबाईलमध्ये मी अजून असेन. तुमच्याकडेही तो फोटो आला असेल, तर माझं थोडं ऐकून घ्या. फोटोत मी होतो खरा, पण मला कोणी काही विचारलंच नाही.

तसा मी साधा स्टीलचा, कडीचा डबा. शोभाताईंच्या लग्नात त्यांच्या मामांनी मला पनवेलच्या बाजारातून घेतलं. दुकानदाराने यंत्र टकटक करत माझ्या पोटावर नाव कोरलं, 'चि. सौ. कां. शोभा हिस मामाकडून सप्रेम भेट'. पोळलं की गुदगुल्या झाल्या, ते आता आठवत नाही. पण बाकीच्या बिननावाच्या डब्यांकडे मी जरा ऐटीत बघितलं होतं, एवढं आठवतं.

शोभाताईंचं घर व्रतांचं. सोळा सोमवार झाले, लक्ष्मीचे शुक्रवार झाले, संकष्टी आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या तर चालूच असतात. मी त्यांचा उपासाचा डबा. कांद्या-लसणाचा वास मला ठाऊक नाही. माझ्यातून सत्यनारायणाचा शिरा गेला, उद्यापनाच्या पुऱ्या गेल्या, आजारी शेजारणीला वरीचा भात गेला. उपास म्हणजे उपाशी राहणं नव्हे, देवाची आठवण ठेवून थोडं वेगळं, थोडं कमी खाणं, हे मी त्यांच्या ओट्यावर शिकलो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते ह्याच शिकवणीमुळे झालं.

काळूराम आमच्या भागात पाणी सोडणारा. जवळच्याच गावातला, आडदांड, हसरा. लांबलचक लोखंडी चावी सायकलला बांधून फिरायचा, रस्त्यातली झाकणं उघडून पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायचा. ऋषिपंचमीला बायका पहाटे डोक्यावरून न्हातात, हे त्याला कोणी सांगावं लागत नसे. त्या दिवशी नळाला पाणी लवकर यायचं. मग शोभाताई माझ्यातून त्याला प्रसाद धाडायच्या. "वयनी, देव तुमचा न् पोट माजा," असं म्हणत तो झाकणात घेऊन उभ्याउभ्या खायचा.

यंदा पितृपक्षात बातमी आली. पाणी मंडळाला तोटा झाला म्हणून कामगारांच्या पगाराचा चौथा हिस्सा कापला होता. आधी कळवलं नाही, विचारलं नाही. कामगार संपावर गेले. मंडळाने बाहेरून माणसं आणली, पण त्यांना कुठलं झाकण कुठे ते सापडेना. पाणी कधी भर दुपारी यायचं, कधी यायचंच नाही.

पहिले दोन-तीन दिवस जिन्यात सगळे म्हणत होते, बिचारे. बादल्या रिकाम्या व्हायला लागल्या तसं 'बिचारे' गेलं आणि 'माजलेत' आलं. शेजारच्या मनीषाताई गॅलरीतून म्हणायच्या, पगार त्यांचा कापला आणि पाणी आमचं तोडलं, आमचा काय गुन्हा. खोटं नव्हतं त्यांचं. सासू अंथरुणाला खिळलेली, दिवसातून तीनदा चादरी धुवायच्या असायच्या.

आमच्या घरी कमलाकरराव, म्हणजे शोभाताईंचे यजमान, तळोज्याच्या कारखान्यात आहेत. ते चहा पिताना म्हणाले, "लॉकडाऊनमध्ये आमचा पगार अर्धा केला. आम्ही तोंडातून शब्द काढला नाही. ह्या लोकांनाच बरा लगेच झेंडा मिळतो."

ते वर्ष मला आठवतं. माझ्यातून शेजारीपाजारी काही जाणं तेव्हा बंद पडलं होतं.

शोभाताई हळूच म्हणाल्या, "तेव्हा कोणीतरी आपल्यासाठी बोलावं, असं तुम्हाला वाटलं नव्हतं का हो?"

कमलाकररावांनी पेपर उलटला.

घट बसले, सातवी माळ आली, तरी कामगारांशी बोलायला कोणी येईना. तेव्हा काळूराम आणि त्याचे दोन सोबती पाण्याच्या टाकीबाहेर मांडव घालून बेमुदत उपोषणाला बसले. शोभाताईंच्या कानावर एवढंच आलं की काळूराम उपोषणाला बसलाय. त्यांचे स्वतःचे नवरात्राचे नऊ दिवस नुकतेच फराळावर गेले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीच्या सकाळी त्या शेंगदाणे भाजत स्वतःशीच म्हणाल्या, चार दिवस झाले, त्या माणसांना कोणी फराळाचं तरी नेऊन दिलं असेल का. मग त्यांनी तुपाचा हात सैल सोडला, वर ओलं खोबरं घातलं, आणि मला काठोकाठ भरलं. मलाही ह्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. देवाच्या दिवशी भरलेला डबा घेऊन निघालेली बाई, त्यात काय वावगं?

मांडवात काळूराम भिंतीला टेकून बसला होता. गाल आत गेले होते. त्याची बायको भीमाबाई पुठ्ठ्याने वारा घालत होती. शोभाताईंनी मला त्याच्यापुढे ठेवून झाकण काढलं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्या वासाने त्याचा गळा हललेला मी पाहिला.

"वयनी, आमचा उपास तसला नाय," तो म्हणाला. "याला फकस्त पानी चालतं."

शोभाताईंचा चेहरा पडला. त्या मला उचलायला लागल्या तर भीमाबाईने हात धरला. "देवाच्या दिवशीचा हाय, परत न्हेव नका. माजी एकादस हाय, मी घेते." ती माझ्यातून खायला लागली. माशा बसू नयेत म्हणून काळूरामने झाकण हातात धरून ठेवलं होतं. शोभाताई शरमेने मला तिथेच सोडून घराकडे वळल्या.

थोड्या वेळाने रस्त्यापलीकडे एक मोटरसायकल थांबली. कोणीतरी मोबाईल वर धरला आणि निघून गेलं.

संध्याकाळी एका सोबत्याने काळूरामला फोन दाखवला. मी शेजारीच होतो. मी स्वतःला पहिल्यांदाच असं पाहिलं. काळूरामचा हात, हातात झाकण, आणि पुढे अर्धा रिकामा मी. भीमाबाई फोटोत कुठेच नव्हती. कडेने कापली होती तिला. वर लिहिलं होतं, 'उपोषण की मेजवानी? हे बघा तुमचे कष्टकरी.' खाली हसणारी तोंडं, एकाखाली एक.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे साहेब बोलायला येणार असं ठरलं होतं. आले नाहीत. नाटक करणाऱ्यांशी काय बोलायचं, असा निरोप आला. येणारे-जाणारे मांडवाकडे बघून हसायला लागले. एकाने गाडीतून ओरडून विचारलं, आज काय बेत आहे. काळूरामने ऐकलं आणि पाण्याचा तांब्या बाजूला सारला.

"आता पानी पन नको. लोकांना पटूंदे."

ऑक्टोबरचं ऊन. मांडवाचं कापड तापलेलं. दुसऱ्या दुपारपर्यंत त्याचे ओठ फुटले, बोलताना जीभ टाळूला चिकटायला लागली. बघायला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल. काळूरामने मान वळवली. भीमाबाई त्याच्या तोंडाशी तांब्या न्यायची, तो हाताने ढकलायचा, पाणी मातीत सांडायचं. मी आयुष्यात पुष्कळ उपास पाहिलेत. असा नव्हता पाहिला. मी रिकामा पडून होतो, आणि मला वाटत होतं की मी त्या दिवशी घरातून निघालोच नसतो तर.

भीमाबाईने मला घासून शोभाताईंच्या दारात आणून दिलं. तिने आरडाओरडा केला नाही. "तुमच्यावर राग नाय, ताई. पन तो मरंल. तुमी एकदा सांगा लोकांना, त्याने खाल्लं नाय."

शोभाताई दार धरून उभ्या राहिल्या. ती गेल्यावर कमलाकररावांनी मला उचललं, फिरवून पोटावरचं नाव वाचलं. डब्यावर नाव आहे, कुणी ओळखलं तर संपकऱ्यांना पोसणारे म्हणून आपण बदनाम होऊ, चार दिवसांत लोक विसरतील, असं म्हणत त्यांनी मला माळ्यावर जुन्या समयांमागे ढकलून दिलं. वाईट माणूस नाही तो. घाबरलेला होता.

माळ्यावर अंधार होता. खाली देवघरात घंटा वाजली नाही, निरांजनाचा वास आला नाही. शोभाताई तिन्हीसांजेची पूजा कधी चुकवत नाहीत. मला काळजी वाटायला लागली. मग स्टूल सरकवल्याचा आवाज आला आणि त्यांचा हात समया चाचपत माझ्यापर्यंत पोचला.

"मी खाली मीटिंगला जाते," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात तर बरं वाटेल."

खाली पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग होती. टाकीबाहेरचा मांडव हटवावा म्हणून अर्ज द्यायचा होता. दिवाळी तोंडावर, पाणी नाही, सगळे चिडलेले. बी विंगमधला निनाद फोन दाखवत सांगत होता की हे लोक आपल्याला उल्लू बनवतायत. शोभाताईंनी मला टेबलावर, अर्जाच्या शेजारी ठेवलं. त्या मीटिंगमध्ये कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचा हात माझ्या कडीवरच होता.

"हा फोटोतला डबा. माझा आहे. खिचडी मी नेली होती."

कोणीतरी हसलं. "काकू, उपोषणाला खिचडी?"

"हो रे बाबा. मला वाटलं आपल्यासारखा उपास असतो. चूक माझी. त्याने घास घेतला नाही. खात होती त्याची बायको, तिची एकादशी होती. आज दुसरा दिवस, तो पाणीसुद्धा घेत नाही. आपण हसलो म्हणून."

मग हसू आलं नाही कोणाला. निनादने फोन पालथा ठेवला. म्हणाला, फोटो मी काढला नव्हता, मला आला तसा पुढे पाठवला. ते खरं होतं, आणि सगळ्यांच्याच बाबतीत खरं होतं. वाद मात्र मिटला नाही. कोणी म्हणालं, तरी पाणी बंद पाडणं चूकच. कोणी म्हणालं, मग त्यांनी करायचं काय. कमलाकरराव मागे उभे होते. ते एकदम म्हणाले, "आमचा पगार कापला तेव्हा मी गप्प बसलो. ते काही फार शहाणपणाचं केलं असं मला आता वाटत नाही." एवढं बोलून ते स्वतःच ओशाळले.

मनीषाताई उठल्या. "संप मला अजून पटत नाही," त्यांनी स्पष्ट सांगितलं. "पण माणूस मरायला नको. चला." घरातल्या पिंपातून त्यांनी पाण्याची बाटली भरून घेतली. त्या घरात त्या दिवशी बाटलीभर पाणी म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं.

मांडवात काळूराम आडवा झाला होता. मनीषाताईंनी बाटली माझ्यात ओतली. शोभाताईंनी मला दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं, नैवेद्य दाखवावा तसं.

"पाणी घे, काळूराम."

"लोकं काय म्हनतील, वयनी?"

"लोक म्हणजे कोण रे? मी, ह्या मनीषाताई, हे मागे उभे आहेत ते. आम्हीच म्हणतोय, घे."

त्याने एकेकाचं तोंड बघितलं. निनादपाशी त्याची नजर जरा थांबली. निनादने मान खाली घातली आणि मग हलवली. काळूराम कोपरावर उठला आणि त्याने माझ्या काठाला ओठ लावले. ते फुटलेले ओठ मला खरखरीत लागले. भीमाबाई मागे वळून पदराने तोंड पुसत होती.

म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. पगार अजून कापलेलाच आहे, संप चालू आहे, काळूरामचं उपोषण सुटलेलं नाही, आणि तो दिवसेंदिवस हलका होत चाललाय. साहेब ह्या आठवड्यात नक्की येतील म्हणतात. शोभाताईंनी त्यासाठी गणपतीला एकवीस मंगळवार बोललेत, आणि येतील असं त्यांना मनापासून वाटतं. मला धाकधूक आहे. पण त्यांचं बोललेलं फुकट गेलेलं मी फारसं पाहिलं नाही.

मी आता मांडवातच असतो, पाण्याने भरलेला. येणारा-जाणारा थांबून माझ्यात डोकावतो. कोणी संशयाने, कोणी काळजीने. मला राग येत नाही. डोकावायचं तर जवळ यावं लागतं, आणि जवळ आलं की काळूरामचे खोल गेलेले डोळेही दिसतात. काहीजण मग दोन मिनिटं बसतात. काही न बोलता निघून जातात.

तुम्हीही या. पगार कापणारे बरोबर की संप करणारे, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी डबा, मला त्यातलं सगळं कळत नाही. फक्त ठरवण्याआधी माझं झाकण स्वतःच्या हाताने काढून बघा. आणि आतलं पाणी कमी झालं असेल, तर तेवढं भरून जा.